दीड लाख किलोमीटर फिरलेली क्यू७ घेऊ का?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: चिकोडी तालुक्यातल्या एका वाचकांनी लिहिलंय. वय चाळिशीच्या आत, दूध संकलन आणि पेंडीचा धंदा, घरची थोडी ऊसशेती. पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडं २०१३ ची ऑडी क्यू७ आहे, ३.० डिझेल, एमएच-१२ पासिंग, तिसरा मालक, मीटरवर १,४८,००० किलोमीटर, किंमत साडेनऊ लाख. बघायला गेले तेव्हा गाडी पुढच्या डाव्या बाजूला खाली बसलेली होती, चालू केल्यावर थोड्या वेळात वर आली. डीलर म्हणाला, एअर सस्पेन्शनचं किरकोळ काम आहे, लाखभरात गाडी नव्यासारखी होईल. गावातले मेस्त्री म्हणाले, आणा, बघून घेऊ. साडेसहा लाख हातात आहेत, तीन लाख पतसंस्थेतून काढायचेत. कोल्हापूरला सारखं जाणं असतं म्हणून नंबर एमएचचाच ठेवायचा विचार आहे. पत्नीचं म्हणणं, एवढ्या पैशात नवी लहान गाडी येते. मे महिन्यात धाकट्या भावाचं लग्न, त्याच्या आत गाडी दारात पाहिजे. पंचवीस हजार टोकन दिलंय. विचारतात, "किलोमीटर जरा जास्त झालेत एवढीच भीती आहे, बाकी घ्यायला हरकत नाही ना?"

दादा, तुमचं पत्र वाचून मला पहिल्यांदा हे खटकलं की तुम्हाला भीती वाटतेय ती किलोमीटरची, आणि ज्याची वाटायला पाहिजे ते तुम्ही येता-जाता एकेका ओळीत लिहून पुढं गेलाय. गाडी खाली बसलेली होती, तिसरा मालक आहे, नंबर एमएचचाच ठेवू, मेस्त्री बघतील. खरा प्रश्न या चार ओळीत आहे, तर आपण तिथूनच बघू.

आधी किलोमीटरचं संपवतो. तीन लिटरच्या व्ही-६, म्हणजे सहा सिलिंडरच्या, डिझेलला दीड लाख किलोमीटर म्हणजे म्हातारपण नव्हे. पुणे-बेंगळुरू हायवेवर एका लयीत चाललेली, वेळच्या वेळी ऑइल बदललेली आणि प्रत्येक बिल फाईलला लावलेली दोन लाखाची गाडी मी आनंदानं घ्या म्हणेन, आणि गावात लहान लहान फेऱ्या मारलेली, बिलं नसलेली सत्तर हजाराची गाडी नको म्हणेन. म्हणून आकडा किती हे नंतर, तो खरा आहे का हे आधी. डीलरकडं सर्व्हिसची सगळी बिलं मागा, त्यावर तारीख आणि किलोमीटर दोन्ही असतात. चासी नंबर देऊन कंपनीच्या वर्कशॉपमध्ये शेवटची नोंद कधीची आणि किती किलोमीटरची हे विचारून घ्या, मालकाची परवानगी लागत असेल तर डीलरला ती मिळवून द्यायला सांगा. आणि गाडीतले फॉल्ट वाचणारा चांगला स्कॅनर असलेला माणूस न्या, या गाड्यांच्या कंट्रोल युनिटमध्ये, म्हणजे आतल्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये, एखादा फॉल्ट साठवला गेला की त्या वेळचे किलोमीटरपण बऱ्याचदा सोबत साठतात, त्यामुळं मीटर मागं फिरवलेला असला तरी जुना फॉल्ट दोन लाखाचा आकडा दाखवून जातो. डीलर बिलं नाहीत म्हणाला, तर तुम्ही दीड लाख फिरलेली गाडी नाही, किती फिरली ते माहीत नसलेली गाडी घेताय, आणि भाव त्या हिशोबानं करायचा.

आता किमतीचं. ही गाडी नवी होती तेव्हा पन्नास लाखाच्या वरची होती. बारा वर्षांत तिची किंमत पडून साडेनऊवर आली खरं, तिच्या पार्टांची किंमत काही पडलेली नाही. हेडलाईट, स्ट्रट, टर्बो, गिअरबॉक्सचं ऑइल, सगळं अजून पन्नास लाखाच्या गाडीच्याच भावात मिळतं. साडेनऊ लाखात तुम्हाला फक्त ती दुरुस्त करायची परवानगी मिळते. हे कडू वाटेल, मला कल्पना आहे, तुमच्या पत्रात त्या गाडीबद्दलची हौस ओळीओळीत दिसते आणि हौस वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. आयुष्यभर पहाटे चारला उठून दुधाच्या गाड्या सोडणाऱ्या माणसाला एक मोठी गाडी चालवावीशी वाटली तर त्यात चुकीचं काहीच नाही. फक्त हौसेचा पूर्ण भाव तुम्हाला आधी कळला पाहिजे, नंतर वर्कशॉपच्या काउंटरवर नको.

खाली बसण्याचं घ्या. या गाडीला स्प्रिंगच्या जागी हवेचे बलून आहेत, कॉम्प्रेसर त्यात हवा भरतो आणि गाडी उचलतो. बलूनचं रबर दहा-बारा वर्षांत घडीच्या जागी चिरतं आणि तिथून हवा जायला लागते. गाडी रात्रभर उभी राहिली की तो कोपरा बसतो, सकाळी चालू केली की कॉम्प्रेसर परत भरतो, म्हणून तुम्हाला ती "वर आली" असं दिसलं. पण गळक्या बलूनला सारखी हवा भरत राहिल्यानं कॉम्प्रेसर तापतो, झिजतो आणि एक दिवस बंद पडतो, मग गाडी आहे तिथं बसते. म्हणजे डावा बलून गळतोय हे दिसलंय तेव्हा कॉम्प्रेसरनंही बरंच सोसलेलं असणार हे धरून चाला, आणि उजवा बलून त्याच वयाचा आहे हेही. स्वतः बघायचं असेल तर स्प्रेच्या बाटलीत साबणाचं पाणी घ्या, गाडी पूर्ण वर असताना चाक एका बाजूला वळवून आतल्या बलूनच्या खालच्या घडीवर आणि वरच्या पाइपाच्या जोडावर मारा आणि दोन मिनिटं नुसतं बघत बसा. जिथं बारीक फेस फुगत राहतो तिथं गळती. बघताना गाडीखाली किंवा चाक आणि मडगार्डच्या मध्ये डोकं, हात घालू नका, हवा गेली की सव्वादोन टनाच्या वरची गाडी खाली येते. पुढचे दोन्ही स्ट्रट, म्हणजे बलूनसकट शॉक अॅब्सॉर्बर, आणि कॉम्प्रेसर, कंपनीचे न घेता बाहेरच्या नावाजलेल्या कंपनीचे घेतले तरी माझ्या अंदाजानं दीड-दोन लाख बाजूला ठेवावे लागतील. डीलरचे "लाखभरात नव्यासारखी" इथंच संपले, आणि आपण अजून बॉनेट उघडलेलं नाही.

बॉनेट उघडायचं ते इंजिन गार असताना. निपाणीच्या बाजारात बैल घेताना तुम्ही मालकानं धुवून-पुसून उभा केलेला बघून पैसे देत नाही, दात बघता, चालवून बघता, तसंच हे. डीलरला आदल्या दिवशी सांगा की मी यायच्या आधी गाडी चालू करायची नाही, आणि सकाळी जाऊन बॉनेटला हात लावून बघा, कोमट लागलं तर आधी चालू करून ठेवलीय. गार इंजिन चालू होताना पहिले काही सेकंद मागच्या बाजूनं साखळी खुळखुळल्यासारखा आवाज आला तर तिथंच थांबा. या इंजिनची टायमिंग चेन मागं, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, तिला ताणून धरणाऱ्या टेन्शनरपर्यंत पोचायला इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून पार्टपेक्षा मजुरीच जास्त होते. नंतर गाडी चांगली तापेपर्यंत चालवा, हायवेला न्या, परत गावात आणा आणि कमी स्पीडला गिअर बदलताना झटका बसतो का बघा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल बदलायला लागत नाही असं पुष्कळ जण सांगतात, ते ऐकू नका, दीड लाखाला ते बदलल्याचं बिल नसेल तर तो खर्चही तुमच्याच अंगावर. मोकळ्या जागेत स्टीअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरवा, गाडी अडखळल्यासारखी झाली तर चारही चाकांना ताकद देणाऱ्या यंत्रणेकडं बघायला पाहिजे. चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि सारखे झिजलेले आहेत का तेही बघा, फोर-व्हील ड्राइव्हला ते लागतं, आणि नवीन चार घालायचे तर पाऊण लाखाच्या आसपास धरा.

आणि एक गोष्ट आपल्या भागासाठी मुद्दाम सांगतो, कारण खानापूर-जांबोटीकडच्या आणि चंदगडच्या वाचकांनाही ती उपयोगी पडेल. सनरूफच्या चार कोपऱ्यांतून पाणी खाली न्यायला बारीक नळ्या असतात. पालापाचोळा अडकून त्या तुंबल्या की पावसाचं पाणी बाहेर न जाता छताच्या आतून खांबातून उतरतं आणि कार्पेटखाली साठतं. वरून काही दिसत नाही. या गाडीत बॅटरी पुढच्या सीटखाली आहे, वायरिंगचे जोड आणि काही कंट्रोल युनिटही खाली जमिनीलगत. एका ओळखीच्या माणसानं अशीच मोठी गाडी उन्हाळ्यात घेतली, पावसाळ्यात चोर्ला घाटातून गोव्याला जाऊन आला आणि आठवड्याभरात डॅशबोर्डवर एकामागून एक दिवे लागायला लागले, तीन ठिकाणी दाखवली, सेन्सर बदलले, शेवटी कुणीतरी कार्पेट उचललं तेव्हा खालचा फोम पिळला तर पाणी गळत होतं. म्हणून बघताना पायाखालची मॅट काढा, कार्पेटवर तळहात दाबून धरा, शक्य असेल तर कोपरा उचलून खालचा फोम बोटानं दाबा. ओल, कुबट वास किंवा जोडांवर हिरवट थर दिसला तर ती गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. याला मी अपवाद करणार नाही.

मेस्त्रींचं लिहिलंय ते वाचून मला बरं वाटलं, कारण आपल्याकडच्या मेस्त्रींचा हात मला माहीत आहे. बोलेरो, ट्रॅक्टर, टेम्पो यातलं त्यांना न येणारं काही नाही, आणि बेळगावच्या उद्यमबागेतल्या लेथवाल्यांकडं तुटलेला पार्ट घेऊन गेलात तर संध्याकाळपर्यंत दुसरा करून देतील. या गाडीतही त्यांचं काम आहे. उदाहरणार्थ, या घराण्याच्या गाड्यांत प्रॉपेलर शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडं ताकद नेणाऱ्या दांड्याच्या, मधल्या बेअरिंगचं रबर फाटतं आणि खालून धडधड येते, कंपनी अख्खा शाफ्ट बदलायला सांगते, बाहेर नुसतं बेअरिंग-रबर बदलून काम होतं. ब्रेक, बुश, सायलेन्सर, रेडिएटरचे पाइप, हे सगळं गावात होईल. पण हवेचं सस्पेन्शन कॅलिब्रेट करायचं किंवा दोन कंट्रोल युनिट एकमेकांशी का बोलत नाहीत ते शोधायचं, तर त्याला त्या कंपनीच्या गाड्यांचा स्कॅनर आणि तो वाचायची सवय लागते, नुसता कोड वाचून पार्ट बदलत गेलं तर खिसा रिकामा होतो आणि फॉल्ट तिथंच राहतो. स्क्रॅपमधून, कुर्ल्याहून किंवा बेंगळुरूच्या शिवाजीनगरातून, जुना पार्ट आणायचा विचार असेल तर दरवाजा, आरसा, सीट, काच खुशाल आणा, पण इलेक्ट्रॉनिक युनिट आणताना विचारून घ्या, ऑडीत काही युनिट मूळ गाडीशी बांधलेली असतात आणि दुसऱ्या गाडीत घातली की कंपनीच्या सिस्टिमला जोडून सोडवल्याशिवाय पूर्ण काम करत नाहीत. आणि जुने बलून, जुना कॉम्प्रेसर, एअरबॅग कधीच नको. म्हणून मेस्त्रींना मोकळेपणानं एक विचारा, "हे तुम्ही याआधी केलंय का, आणि अडलं तर कुणाकडं पाठवाल?" भला मेस्त्री खरं सांगतो.

नंबरचं. सीमेवर राहणाऱ्या आपल्या सगळ्यांनाच वाटतं की एमएच काय नि केए काय, रोज इकडून तिकडं जातोच की. कागलच्या पाव्हण्याच्या पत्त्यावर गाडी ठेवणारे पुष्कळ आहेत. पण मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणं दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त आपल्या राज्यात ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो, आणि तुमची गाडी राहणार चिकोडीत, आठवड्यातून एकदा कोल्हापूरला जाऊन आल्यानं ती महाराष्ट्रातली होत नाही. चिकोडीचा केए-२३ नंबर करायचा म्हणजे पुण्याच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, मग इथं ट्रान्सफर आणि नवीन नंबरचे फॉर्म, आणि कर्नाटकाचा लाइफटाइम टॅक्स. कर्नाटकात वीस लाखावरच्या नव्या गाडीला १८ टक्के आणि वर सेस आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणं तो कमी होतो, पण हिशोब तुमच्या साडेनऊ लाखावर होत नाही, मूळ किमतीवर होतो, त्यामुळं सूट धरूनही आकडा लाखातच येतो. बहुतेक लोक इथंच फसतात. टोकन द्यायच्या आधी चिकोडीच्या आरटीओत आरसीची झेरॉक्स दाखवून आकडा काढून घ्यायला पाहिजे होता, अजूनही वेळ गेलेली नाही, उद्याच जा. महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा उरलेल्या मुदतीचा परतावा मागता येतो, पण बारा वर्षांच्या गाडीला मुदतच थोडी उरलीय, त्यावर गणित बसवू नका. शिवाय २०२८ ला गाडीची पंधरा वर्षं भरतात, तेव्हा फिटनेस करून पुढच्या पाच वर्षांसाठी आरसी नवी करावी लागेल.

दिल्ली-हरियाणाच्या नंबरच्या गाड्या याहून स्वस्त दिसतात म्हणून बरेच वाचक विचारतात, त्यांना इथंच सांगतो. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश झाले, म्हणून तिकडच्या डिझेल एसयूव्ही पडत्या भावात दक्षिणेकडं येतात. गाडी चांगली असू शकते, पण एनओसी हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

आता पैसे. साडेसहा तुमचे, तीन पतसंस्थेचे, आणि साडेनऊ संपले की हातात काय उरलं? त्यानंतर टॅक्स, सस्पेन्शन, टायर, गिअरबॉक्सचं आणि बाकीची ऑइलं, इन्शुरन्स. इतक्या जुन्या गाडीला झिरो-डेप पॉलिसी, म्हणजे पार्टांचा घसारा न कापता भरपाई देणारी, सहसा मिळत नाही, म्हणजे क्लेममध्येही पार्टांचा मोठा वाटा तुमचाच. माझ्या हिशोबानं पहिल्या वर्षाच्या शेवटी ही गाडी तुम्हाला चौदा लाखाच्या आसपास पडते, त्यात डिझेल धरलेलं नाही. गावात सात-आठचं अॅव्हरेज मिळालं तरी समाधान माना. आणि हप्ता चालूच, तोही बँकेपेक्षा चढ्या व्याजानं. दुधाच्या धंद्यात पैसा फिरता लागतो हे तुम्हाला मी सांगायला नको, शेतकऱ्यांचं बिल तारखेला गेलं नाही तर तो दुसऱ्या डेअरीला दूध घालायला लागतो. गाडी वर्कशॉपला उभी आणि त्याच आठवड्यात दुधाची बिलं, ही वेळ आली तर आधी कशाला हात घालाल?

म्हणून वहिनींचं म्हणणं तुम्ही जितक्या लवकर बाजूला सारलंय तितकं सारू नका. त्या लहान गाडी म्हणतात म्हणजे तुमच्या हौसेला नको म्हणतात असं नाही, मला वाटतं त्यांना हप्त्याची काळजी आहे, आणि घरात हप्त्याचा ताण कुणाला आधी जाणवतो ते तुम्हाला ठाऊक आहे. कागदावर साडेनऊ, मग टॅक्सचा खरा आकडा, मग पुण्यातल्या एखाद्या ऑडी करणाऱ्या वर्कशॉपचं लेखी कोटेशन असं एकाखाली एक लिहा आणि त्यांच्यासमोर ठेवा. तो कागद बघून दोघांनी घ्यायचं ठरवलं तर घ्या.

लग्नाची तारीख मात्र या व्यवहारातून काढून टाका. घाईत जुनी गाडी घेणाऱ्याला डीलर लांबूनच ओळखतो. नवरदेवाला मोठ्या गाडीतून आणायचं असेल तर त्या दिवसापुरती भाड्यानं घ्या, बेळगाव-कोल्हापुरात मिळते, ड्रायव्हरसकट, आणि ती वरातीत बंद पडायची काळजी दुसऱ्याची.

मला विचाराल तर ही गाडी या भावात, कर्ज काढून, नको. तेवढ्याच चौदा लाखात केए पासिंगची, एक मालक असलेली, बिलांसकट सात-आठ वर्षांची इनोव्हा क्रिस्टा बघा, तिचे पार्ट बेळगावात मिळतात आणि ती लग्नाला, दवाखान्याला, पंढरपूरला कुठंही नेताना मनात धाकधूक राहत नाही. ते पटत नसेल, मन क्यू७ वरच असेल, तर एक उसाचं बिल थांबा. कर्जाशिवाय घेता येईल इतके साठवा, किमतीच्या निम्मी रक्कम दुरुस्तीसाठी वेगळ्या खात्यात ठेवा, रोजच्या कामाला दुसरी गाडी राहू द्या, आणि केए नंबरचीच शोधा म्हणजे टॅक्सचा प्रश्न मिटतो. अशी घेतली तर पहिल्या महिन्यात सगळी ऑइलं, फिल्टर, ब्रेक आणि सस्पेन्शन करून टाका. सीट कव्हर, म्युझिक, सिरॅमिक कोटिंग सगळं नंतर. दुरुस्तीची प्रत्येक पावती जपा, तुम्ही विकाल तेव्हा तुमच्यासारखाच कुणीतरी ती मागणार आहे.

टोकनचं राहिलं. डीलरला फोन करून सांगा की गाडी मी बाहेरच्या वर्कशॉपमध्ये तपासून घेणार, तपासणीचा खर्च माझा, त्यात निघालेलं काम किमतीतून वजा, आणि जमलं नाही तर टोकन परत. हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. तो तपासणीला नाहीच म्हणाला तर पंचवीस हजारावर पाणी सोडा, त्यामागं आणखी साडेनऊ लाख घालू नका. आणि हो म्हणाला, सगळं जमलं, तरीही एमपरिवहन अॅपवर चलन बाकी आहे का, आरसीवर कर्जाचा बोजा आहे का ते बघा, बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ मागा, आणि शेवटचे पन्नास हजार आरटीओची एनओसी हातात पडेपर्यंत तुमच्याकडंच राहू द्यात.